उत्तराखाली सही कुणाची?

खारघर, कामोठे, कळंबोली, करंजाडे, नवीन पनवेल या वसाहतींत नोकरीनिमित्त येऊन राहिलेली तरुण जोडपी पुष्कळ आहेत. आजी-आजोबा साताऱ्याला, जळगावला नाहीतर तळकोकणात, शेजारची बिऱ्हाडं दर वर्षा-दोन वर्षांनी बदलणारी, आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात गर्दी. अशा घरात ‘अकरा महिने झाले, बाळ अजून रांगत नाही’ ही काळजी रात्री अकराला डोकं वर काढते आणि ती मोबाइललाच सांगितली जाते, कारण त्या वेळी दुसरं कुणी जागं नसतं. यात पालकांचं काही चुकत नाही. अडचण पुढे येते. एक पान सांगतं, आठव्या महिन्यात रांगायलाच हवं. दुसरं म्हणतं, चिंता सोडा, प्रत्येक मूल वेगळं असतं. तिसऱ्या पानावर हाडं बळकट करणारं तेल विकायला ठेवलेलं असतं, आणि चॅटबॉट या तिघांची गोळाबेरीज करून तितक्याच ठामपणे चौथं उत्तर देतो. यातलं खरं कोणतं हे ठरवणं पालकांच्या हातात नसतं. ते ठरवता आलं असतं तर विचारण्याची वेळच आली नसती. म्हणून माझं सांगणं असं आहे की, उत्तर पारखण्याआधी उत्तर देणाऱ्याला पारखा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सही असते, नोंदणी क्रमांक असतो, तारीख असते; काही चुकलं तर जाब विचारायला एक माणूस असतो. पडद्यावरच्या माहितीखाली अशी सही आहे का, असल्यास कुणाची, आणि ती केव्हा केलेली आहे, एवढं पाहायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

रांगण्याचाच प्रश्न घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांचा अभ्यास केला. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. त्यावर आधारलेली वाढीची मानकं 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. यांपैकी ब्राझील सोडून बाकीच्या पाच देशांत मुलं केव्हा बसतात, रांगतात, चालतात याच्याही नोंदी ठेवल्या होत्या. त्यातून हाती आले ते मोठे मोठे कालखंड: आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5 महिने, एकट्यानं चालणं 8.2 ते 17.6 महिने. शिवाय 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तो टप्पा वगळून ती पुढे गेली. आता अकराव्या महिन्यात न रांगणारं मूल या चौकटीत ठेवून पाहा. निव्वळ तेवढ्या एका गोष्टीनं घाबरण्याचं कारण उरत नाही. ‘आठव्या महिन्यात’ असं सांगणाऱ्या पानानं एक आकडा दिला, पण तो कुठल्या मुलांवरून काढला आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे किती जागा आहे, हे सांगितलं नाही. विकासाच्या टप्प्यांविषयी वाचताना म्हणूनच मी कालखंड देणाऱ्या मजकुरावर अधिक विश्वास ठेवीन. आणि मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर त्याचं वय जन्मतारखेवरून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून मोजायचं असतं, ही गोष्ट जो मजकूर आठवणीनं सांगतो तो बहुधा जाणत्या माणसानं लिहिलेला असतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मोठ्या संस्था तरी कुठे एका मतावर टिकतात? अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, फेब्रुवारी 2022 मध्ये विकासाच्या टप्प्यांची आपली यादी बदलली. त्यातून रांगणं चक्क काढून टाकलं. पूर्वी साधारण निम्मी मुलं ज्या वयात एखादी गोष्ट करतात ते वय यादीत असे. आता किमान पंचाहत्तर टक्के मुलं ज्या वयात ती करतात ते वय धरलं जातं. म्हणजे जुनी यादी उतरवून घेतलेलं पान आणि आजची यादी यांची उत्तरं जुळणार नाहीत. पण माझ्या मते इथे संस्थेची बाजू पडती नाही. तिनं बदल केला, तारीख घालून केला, कशासाठी केला हे जाहीर सांगितलं. ज्या मजकुराला तारीखच नाही तो चुकल्याचं कधी कबूल करणार आणि कुणापाशी? तेव्हा पान उघडल्यावर मथळा वाचण्याआधी तळाशी जा. ‘शेवटचा आढावा’ किंवा ‘अद्ययावत’ असं काही लिहिलेलं आहे का, लेखकाचं नाव आणि पात्रता आहे का, ‘आमच्याविषयी’ या पानावर संस्था कोण चालवतं आणि पैसा कुठून येतो हे सांगितलं आहे का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

रोज नवा शोध घेण्यापेक्षा सही ठाऊक असलेली चार-पाच ठिकाणं आधीच ठरवून फोनमध्ये जपून ठेवावीत. पनवेलकरांना यातलं एक ठिकाण तर लोकलच्या वाटेवरच आहे. 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेचं मध्यवर्ती कार्यालय जुईनगर स्टेशनजवळ आहे. तिच्या संकेतस्थळावर पालकांसाठी विषयवार मार्गदर्शिका आहेत आणि त्या लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं त्यांवर छापलेली आहेत. जोडीला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, सीडीसी आणि ब्रिटनची एनएचएस. भारतातल्या शासकीय संकेतस्थळांचा पत्ता सहसा ‘जीओव्ही डॉट इन’नं संपतो, शासनाचा लोगो लावलेलं पण पत्ता निराळा असलेलं पान पडताळल्याशिवाय शासनाचं समजू नये. शोधताना प्रश्नाबरोबर संस्थेचं नावही टाइप करा, म्हणजे जाहिरातींचा पहिला लोंढा बराच मागे पडतो. आणखी एक गोष्ट, माहिती कुठल्या मुलांवरून काढली आहे तेही पाहा. पाच वर्षांपर्यंतची उंची आणि वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखावर पाहतात, पण पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय मुलांवरून बनवलेले, अकॅडमीचे 2015 चे आलेख आहेत आणि ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. आठ वर्षांच्या मुलीची उंची एखाद्या परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये टाकून हताश होण्याआधी त्या कॅल्क्युलेटरमागे कुणाची मुलं आहेत, हे विचारायला हवं.

यातलं बरंचसं इंग्रजीत आहे, ही तक्रार खरी आहे आणि ती मला गंभीर वाटते. मराठीत शोधलं की वर येतात ते घाईनं भाषांतर केलेले आणि नावगाव नसलेले मजकूर. पण मराठीतला एक सहीचा कागद बहुतेक घरांत आधीपासून पडून असतो आणि फक्त लसीच्या दिवशी बाहेर निघतो, तो म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळी अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात हे कार्ड मिळतं. लसींच्या नोंदींबरोबरच मुलाच्या वाढीचा आलेख आणि वयानुसार विकासाचे टप्पे त्यात असतात. खासगी रुग्णालयात प्रसूती झालेल्या अनेक घरांत ते नसतं, पण जवळच्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात चौकशी करता येते. खारघरच्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांना अंगणवाडी आपल्यासाठी नाही असं वाटतं, पण ते तसं नाही. केंद्र सरकारनं 2024 मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात महिन्यांच्या क्रमानं 140 साध्या कृती दिल्या आहेत: बोलणं, गाणं, भांड्यांशी खेळणं, नाव घेऊन हाक मारणं. महागड्या ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ संचांच्या जाहिरातीशेजारी ही यादी ठेवून पाहावी.

चुकीच्या माहितीचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर घाबरवणारी माहितीच येते. मला धीर देणारी चुकीची माहिती जास्त धोक्याची वाटते. घाबरलेले पालक निदान डॉक्टरांकडे जातात. ‘मुलगे उशिरा बोलतात’, ‘त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’, ‘शाळेत गेला की बोलेल’ या वाक्यांनी वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं, आणि तोच काळ मेंदूच्या दृष्टीनं मोलाचा असतो. बाळाच्या कानांविषयीचा जगभर मानला गेलेला क्रम पाहा: एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचारांना सुरुवात. बोलण्याची वाट पाहत तीन वर्षं थांबलेल्या घराला हे कुणी वेळेत सांगितलेलं नसतं. काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर शोधत बसू नये, मूल दाखवावं. बारा महिने होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलणं नाही. अठरा महिने उलटूनही चालत नाही. आणि कुठल्याही वयात, आलेले शब्द किंवा आलेली एखादी गोष्ट हरवली तर. ऑनलाइन प्रश्नावल्या या ठिकाणी थोडी मदत करतात, पण त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. स्वमग्नतेच्या चाळणीसाठी जगभर वापरली जाणारी एम-चॅट ही वीस प्रश्नांची प्रश्नावली 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि ती फक्त चाळणी आहे, निदान नाही. एखादं संकेतस्थळ गुण मोजून थेट निदान सांगत असेल आणि खाली थेरपीच्या पॅकेजचं बटण असेल, तर तिथली सही दुकानदाराची समजावी.

विकणाऱ्याच्या सहीवर इतका भर देण्याला कारण आहे. आपल्या देशानं ही गोष्ट कायद्यात लिहून ठेवली आहे. 1992 चा शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा आणि त्याची 2003 ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या डबाबंद दुधाची आणि आहाराची जाहिरात करायला बंदी आहे. नव्या आईची काळजी हा बाजाराचा कच्चा माल होऊ नये, असं संसदेला वाटलं. पण तो कायदा मुलांच्या बुद्धीच्या बाजाराला लागू नाही, आणि तो बाजार जोरात आहे. संगीतानं बाळ हुशार होतं, ही समजूत कुठून आली? 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांविषयीच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. त्यात एकही बाळ नव्हतं. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला, आणि पुढे जगभर तान्ह्या बाळांना ‘बुद्धिमान’ बनवणाऱ्या वस्तूंची रांग लागली. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या नावानं विकल्या जाणाऱ्या ध्वनिफिती आणि अ‍ॅप याच धाग्यावर चालतात. गरोदर बाईनं गाणं ऐकावं, तिला बरं वाटतं, एवढं पुरेसं कारण आहे. बुद्ध्यांकाचं वचन देऊन पैसे घेतले जातात, तेव्हा पुरावा मागावा. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणीही शाळांच्या दारापर्यंत पोचली आहे; भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं तिला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं आहे. इन्स्टाग्रामवरच्या प्रभावकांसाठी ग्राहक व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट 2023 मध्ये नियम केले, त्यांनुसार स्वतःला आरोग्यतज्ज्ञ म्हणवणाऱ्यानं आपली पात्रता सांगायला हवी. ती सांगितलेली नसेल तर पुढचा व्हिडिओ पाहण्यात वेळ घालवू नये.

मग एकटा, वैद्यकीय पदवी नसलेला माणूस कधी खरं बोलतच नाही का? बोलतो. एप्रिल 2023 मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेविषयी व्हिडिओ केला, कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो काढला, आणि तरी विषय थांबला नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं त्यात लक्ष घातलं आणि एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं. हिमतसिंगका डॉक्टर नव्हते. पण त्यांनी दाखवलेला पुरावा डब्याच्या मागच्या बाजूला छापलेला होता आणि तो कुणालाही स्वयंपाकघरात उभं राहून वाचता येत होता. सहीला पर्याय असेल तर तो एवढाच: आपल्या हातानं पडताळता येणारी गोष्ट.

घरातल्या ज्ञानाचं काय, हा प्रश्न सर्वांत नाजूक. गावाहून व्हिडिओ कॉलवर सासूबाई एक सांगतात, मोबाइल दुसरं सांगतो, आणि सून मध्ये अडकते. परंपरा म्हणून सगळं स्वीकारणं किंवा सगळं टाकणं, दोन्हींत आळस आहे. एकेक गोष्ट वेगळी घ्यावी लागते. मालिश घ्या. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेलाच्या मालिशीचा अभ्यास करून तो 2005 मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केला, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन त्या मालिशीनं अधिक वेगानं वाढलेलं आढळलं. हे नियतकालिक ऑनलाइन मोफत वाचता येतं. आजींचं म्हणणं इथे पुराव्यानं उभं राहतं. पण गुटी उगाळून मधातून चाटवणं तसं नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, असं सीडीसी आणि एनएचएस दोन्ही स्पष्ट सांगतात. डोळ्यांत काजळ घालू नये, कारण काही काजळांत शिसं आढळलेलं आहे. कानामागे तीट लावली तर निदान ती डोळ्यांत जात नाही. पनवेलच्या मे महिन्यातल्या घामाघूम उकाड्यात तान्ह्याला चमचाभर पाणी द्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे, पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला उष्ण देशांनाही लागू आहे. आईचं दूध बहुतांशी पाणीच असतं. मोठ्यांशी बोलताना ‘तुमचं चूक’ असं म्हणण्यापेक्षा ‘आई, मालिश तुम्ही सांगता तशीच करू, मध मात्र वाढदिवसानंतर’ हे बोलणं अधिक पुढे नेतं.

सोसायटीतल्या आयांचे व्हॉट्सअ‍ॅप गट मला मोलाचे वाटतात. रात्रभर रडणाऱ्या बाळाची आई एकटी नाही, हे कळणं औषधासारखंच असतं. चांगलं पाळणाघर कुठलं, कुठले डॉक्टर ऐकून घेतात, हे गटालाच माहीत असतं. पण त्याच वाटेनं नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली तेव्हा अफवाही धावल्या. लसींविषयीच्या भीतीचं एक मूळ 1998 च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात आहे. केवळ 12 मुलांवरचा तो निबंध गैरप्रकार उघड झाल्यावर 2010 मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याचे मुख्य लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवाना गेला. मागे घेतल्याची बातमी भीतीइतक्या वेगानं कधीच पसरत नाही. 2022 च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि राज्यात मुलं दगावली. ‘फॉरवर्ड’ संदेशाला सही नसते, तो पाठवणारी मैत्रीण कितीही विश्वासू असो. तिनंही तो कुणाकडून तरी घेतलेला असतो.

सगळेच प्रश्न आकड्यांचे नसतात. मूल हट्ट करतं, धाकट्याला मारतं, शाळेत जायला रडतं, यांसाठी मानकांचा आलेख नाही. तिथे मराठीत चांगली शिदोरी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला मुलांमध्ये राहून जे समजून घेतलं ते या भाषेत लिहिलेलं आहे, आणि 1987 पासून निघणारं ‘पालकनीती’ हे पुण्याचं मासिक आपले जुने लेख संकेतस्थळावर वाचायला देतं. तिथे लेखक नावानिशी लिहितात आणि मतभेदही छापले जातात.

राहिला चॅटबॉट आणि राहिला डॉक्टरांच्या वेळेचा प्रश्न. डॉक्टर पाच मिनिटं देतात, मोबाइल तासभर ऐकतो, ही पालकांची व्यथा अगदी खरी आहे. तो तासभर मात्र निदान मिळवण्यात न घालवता त्या पाच मिनिटांची तयारी करण्यात घालवावा. चॅटबॉटला ‘माझ्या मुलाला काय झालंय’ असं न विचारता ‘याविषयी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत’ असं विचारा. तो एखाद्या संस्थेचा हवाला देत असेल तर ते पान स्वतः उघडून पाहा. कित्येकदा ते पान नसतंच, किंवा तिथे निराळंच लिहिलेलं असतं. थेरपी सुरू करण्याआधी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो क्रमांक विचारण्यात कुठलाही उद्धटपणा नाही. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आठवावा. तो फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, आणि विकासातली दिरंगाई शोधणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे. बौद्धिक दिव्यांगतेसाठी 1984 मध्ये सिकंदराबादला स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचं, आता एनआयईपीआयडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचं, प्रादेशिक केंद्र तर खारघरलाच आहे. तिथे जा किंवा घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे, बरोबर माता व बाल संरक्षण कार्ड असू द्या, मूल काय करतं आणि काय करत नाही हे तारखांसह लिहिलेला एक कागद असू द्या, आणि ज्या गोष्टीची काळजी वाटते तिचा, घरात मूल रमलेलं असताना घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फोनमध्ये असू द्या. दवाखान्यात बुजलेलं मूल ती गोष्ट करून दाखवेलच असं नाही.